राणीची भातुकली

मुंबई पाहायला आलेला माणूस गेटवे ऑफ इंडियापाशी गेल्याखेरीज राहत नाही. तिथे तो फोटो काढून घेतो, शेंगदाण्याची पुडी घेतो, घारापुरीच्या लाँचची चौकशी करतो. कमानीच्या माथ्यावर काय कोरले आहे, ते मान वर करून वाचणारे मात्र थोडे. पंचम जॉर्ज बादशहा आणि मेरी राणी २ डिसेंबर १९११ रोजी या धक्क्यावर उतरले, त्याच्या स्मरणार्थ ही वास्तू उभारली, अशी नोंद तिथे आहे. त्यांच्या स्वागतासाठी ही कमान आधीच बांधून ठेवली होती असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. तिची पायाभरणी झाली ३१ मार्च १९१३ रोजी आणि ती पुरी होऊन खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. राजाराणीला उतरताना पाहायला मिळाली ती या कमानीची पुठ्ठ्याची प्रतिकृती, असे सांगतात.

गंमत अशी, की ज्या १९२४ साली ही कमान खुली झाली, त्याच साली त्याच मेरी राणीच्या नावाचे आणखी एक बांधकाम जगापुढे आले. लंडनजवळ वेम्ब्ली येथे ब्रिटिश साम्राज्याचे प्रचंड प्रदर्शन भरले होते. तिथे लोकांनी रांगा लावल्या त्या एका बाहुलीघरासाठी. घर ते केवढे, तर उंचीला सुमारे पाच फूट. सात महिन्यांत सोळा लाखांहून अधिक माणसे ते पाहून गेली. एखाद्या मुलाने किंवा मुलीने खेळावे म्हणून ते बांधलेलेच नव्हते. ज्या बाईला ते भेट म्हणून मिळाले, तिचे वय तेव्हा सत्तावन्न होते.

आज आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या खेळण्यांच्या दुकानांत लाकडी, दुमजली बाहुलीघरे दिसतात. नातीच्या वाढदिवसाला तसले घर घ्यायला गेलेल्या आजोबांपुढे विक्रेता दोन तऱ्हा मांडतो. एक दणकट, बोजड, मोकळी. दुसरी नाजूक, सुबक, झुंबरे आणि पडदे लावलेली. खेळायला हवे की मांडून ठेवायला, असे तो विचारतो. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर देताना आपण मुलाविषयी काय समजतो ते उघडे पडते. मेरी राणीचे आयुष्य या प्रश्नाच्या उजेडात वाचले, तर त्या बाईविषयी एरवी न वाटणारी माया वाटू लागते.

आधी थोडे बाहुलीघरांविषयी. आपल्याकडे भातुकली होती. पितळेची, तांब्याची इवली भांडी होती. चूल होती, जाते होते, पोळपाट होता. चुरमुरे-गुळाचा खरा स्वयंपाक होता आणि तो खाणारी खरी माणसे होती. नव्हते ते घर. घर म्हणजे दोन खुर्च्यांवर टाकलेली आईची जुनी साडी, नाही तर अंगणात खडूने ओढलेल्या चार रेघा. युरोपात उलटे झाले. तिथे घर आधी आले, आणि तेही मोठ्यांच्या हौसेपोटी. सोळाव्या शतकात बव्हेरियाच्या ड्यूकने करवून घेतलेले घर हे नोंद सापडणारे पहिले बाहुलीघर मानतात. ते त्याच्या दुर्मीळ वस्तूंच्या संग्रहात जाऊन बसले. जर्मनीत न्यूरेंबर्गला घडलेल्या घरांत ताटे, वाडगी, कढया अशा शिस्तीने मांडलेल्या असत, की मुलींनी ते पाहून घर कसे चालवावे ते शिकावे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे असे १६७३ सालचे घर आहे. हॉलंडमध्ये श्रीमंत व्यापाऱ्यांच्या बायका उंची लाकडाच्या कपाटांत खोल्या सजवीत. ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ओर्टमन हिचे कपाट १६८६ पासून १७१० पर्यंत घडत होते. एवढ्या पैशांत कालव्याकाठी राहायचे खरे घर आले असते, असे म्हणतात. ते आता तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तात्पर्य, बाहुलीघर हे आरंभी खेळणे नव्हतेच. मुलांच्या हाती ते सर्रास पडले ते पुढे, एकोणिसाव्या शतकात, कारखान्यांत स्वस्त खेळणी निघू लागल्यावर.

मेरीचा जन्म याच एकोणिसाव्या शतकातला. २६ मे १८६७ चा, लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यातला. मे महिन्यात जन्मली म्हणून घरचे तिला ‘मे’ म्हणत. आई इंग्लंडच्या राजघराण्यातली, व्हिक्टोरिया राणीची चुलत बहीण. वडील टेकचे ड्यूक. जर्मनीतल्या वुर्टेंबर्गच्या राजघराण्याचे रक्त, पण त्यांच्या वडिलांनी कमी दर्जाच्या घराण्यातली मुलगी केलेली, त्यामुळे गादीवर हक्क नाही. नाव मोठे, उत्पन्न तुटपुंजे. त्यातून आई दिलदार, पाहुण्यांची हौस असलेली, दानधर्मात सढळ आणि हिशेबात कच्ची. कर्जखात्यांवर काम केलेल्या बँकेतल्या माणसाला अशी घराणी चांगली ओळखीची असतात. दाराशी हत्ती झुलत असल्याच्या आठवणी निघत असतात आणि इकडे खाते उचलीच्या मर्यादेबाहेर गेलेले असते. १८८३ साली देणेकऱ्यांचा तगादा एवढा वाढला, की टेक कुटुंबाला खर्च कमी करण्यासाठी इंग्लंड सोडून इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहावे लागले. मेरी तेव्हा सोळा वर्षांची होती.

परतायला १८८५ साल उजाडले. या दोन वर्षांनी मेरीला दोन गोष्टी दिल्या. फ्लॉरेन्सच्या चित्रशाळा आणि चर्चे पाहून जुन्या, सुंदर वस्तूंकडे डोळसपणे पाहण्याची सवय लागली. आणि डोक्यावरचे छप्पर, भोवतालच्या वस्तू, हे सारे एका तगाद्यासरशी आपल्या हातून जाऊ शकते, हे कोवळ्या वयात कळले. पुढे तिला वस्तू गोळा करण्याचा, त्यांच्या नोंदी करण्याचा, त्यांना स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लावण्याचा जो नाद लागला, त्याचे मूळ इथे असेल असे मला वाटते. ज्याच्या घरात कधी जप्तीची नोटीस आलेली असते, तो माणूस पुढे लखपती झाला तरी कपाटाच्या किल्ल्या उशाखाली घेऊन झोपतो.

परतल्यावर ती आईची जणू चिटणीसच झाली. पत्रव्यवहार, मेजवान्या, गरिबांसाठी कपडे शिवून देणाऱ्या मंडळाचे काम, सारे तिने अंगावर घेतले. मुलगी लाजाळू, पण टापटीप आणि करारी. व्हिक्टोरिया राणीच्या नजरेने ते टिपले. डिसेंबर १८९१ मध्ये राणीचा नातू, गादीचा भावी वारस अल्बर्ट व्हिक्टर, याच्याशी तिचे लग्न ठरले. सहा आठवड्यांच्या आत, १४ जानेवारी १८९२ रोजी, इन्फ्लुएंझाने त्याचा मृत्यू झाला. लग्नाची तयारी चाललेल्या घरात सुतक आले. मुलगी मात्र राजघराण्याला पसंतच होती. वर तेवढा बदलला. मृताचा धाकटा भाऊ जॉर्ज याच्याशी ६ जुलै १८९३ रोजी तिचा विवाह झाला. या ठरवलेल्या लग्नातून पुढे खरे प्रेम उपजले, हे नमूद केले पाहिजे. दोघेही भिडस्त. समोरासमोर बोलायला जीभ अडखळे, म्हणून मनातले पत्रांतून लिहीत.

लग्नानंतर मेरी ज्या घरात गेली, त्याची हकीगत आपल्या विषयाला धरून आहे. सँड्रिंगहॅमच्या इस्टेटीत यॉर्क कॉटेज नावाचे एक आटोपशीर घर तिच्या नवऱ्याला मिळाले होते. बायकोला त्रास नको, अशा भोळ्या समजुतीने जॉर्जने ते आधीच पुरते सजवून ठेवले. वडिलांचा आणि बहिणीचा सल्ला घेतला, लंडनच्या एका मोठ्या फर्निचरवाल्याचा माणूस बोलावला, खुर्च्या, पडदे, गालिचे सारे मांडून घेतले. घर लावण्याची ज्या मुलीला एवढी आवड, तिच्यासाठी खिळा ठोकायलाही भिंत मोकळी ठेवली नव्हती. त्याच अडचणीच्या घरात, मुले वाढत असताना आणि पुढे राजाराणी झाल्यावरही, त्या दोघांचे येणेजाणे तीस-बत्तीस वर्षे चालू राहिले. सासू अलेक्झांड्रा पलीकडच्या मोठ्या वाड्यात राहत होती. ती १९२५ साली वारल्यावर ते तिकडे गेले.

मेरीला सहा मुले झाली. त्या काळच्या राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे मुले दायांच्या ताब्यात. ठरल्या वेळी त्यांना नटवून, केस विंचरून आईबापांपुढे आणीत आणि थोड्या वेळाने परत नेत. थोरला मुलगा एडवर्ड याने आपल्या आत्मचरित्रात त्या दिवसांतली एक गोष्ट सांगितली आहे. त्याची दाई त्याला दिवाणखान्याच्या दाराशी आणून चिमटा काढी. आत गेल्यावर पोर भोकाड पसरी. आईबाप गोंधळून त्याला लगेच परत पाठवीत. दाईला तो आपल्याजवळच राहायला हवा होता. हा प्रकार उघडकीला यायला बराच काळ गेला. मेरी निष्ठुर होती असे यावरून म्हणणे अन्यायाचे होईल. तिला मुलांशी कसे खेळावे ते येत नव्हते, आणि शिकायला सवडही कोणी दिली नाही. मूल ही दिवसातून एकदा पाहायची गोष्ट, अशीच त्या वाड्यांतली रीत होती.

धाकट्या जॉनची कथा याहून दुःखाची. १९०५ साली जन्मलेल्या या मुलाला लहानपणीच अपस्माराचे झटके येऊ लागले. शेवटची काही वर्षे त्याला सँड्रिंगहॅमच्याच आवारातल्या वुड फार्म या घरात, त्याची दाई आणि मोजकी माणसे सोबत देऊन, वेगळे ठेवले होते. तिथेच १८ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, तो गेला. दर्शनी भागातून त्याचे नाव हळूहळू कमी होत गेले होते. आईने त्याच्यासाठी शोक केला, हे तिच्या पत्रांतून दिसते. पण तो शोकही बंद दाराआड.

१९१० साली जॉर्ज राजा झाला आणि मेरी राणी. तोवर तिच्या नावापुढे व्हिक्टोरिया मेरी अशी जोडी होती. नवऱ्याला जोडनावे आवडत नसत, आणि व्हिक्टोरिया हे नाव तर घेणे शक्यच नव्हते. तेव्हा उरले मेरी. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी या बाईला सार्वजनिक वापरासाठी जवळजवळ नवे नाव मिळाले. हिंदुस्थान तिने १९०५-०६ मध्ये युवराजाची पत्नी म्हणून पाहिला होता. १९११ मध्ये ती सम्राज्ञी म्हणून आली. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली, आणि त्या नव्या राजधानीचे आराखडे करायला एडविन ल्युटेन्स या इंग्रज वास्तुकाराला बोलावणे गेले.

याच ल्युटेन्सकडे १९२१ साली राजाची आतेबहीण, राजकन्या मेरी लुईझ, एक वेगळेच काम घेऊन आली. आपल्या राणीला लहानसहान, नाजूक वस्तूंचा फार शौक. तिला एक बाहुलीघर करून द्यावे. महायुद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. राणीने त्या काळात इस्पितळांतून आणि शिवणमंडळांतून केलेल्या कामाबद्दल लोकांच्या मनात आदर होता. कारागिरांना कामाची गरज होती. ल्युटेन्सने काम घेतले. म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर त्या वर्षांत दोन आराखडे होते. एक दिल्लीच्या व्हाइसरॉयच्या वाड्याचा, तीनशे चाळीस खोल्यांचा, जो आज आपले राष्ट्रपती भवन आहे. दुसरा, लंडनच्या त्याच्या स्वतःच्या दिवाणखान्यात जोडल्या जाणाऱ्या बाहुलीघराचा.

एका फुटाला एक इंच, म्हणजे बारास एक, हे त्या घराचे प्रमाण. आजही संग्राहकांच्या बाहुलीघरांत हेच प्रमाण सर्वांत जास्त चालते. पंधराशेहून अधिक कलावंत, कारागीर आणि कारखाने त्यासाठी राबले. बाहेरचे कवच वर उचलले, की चारही बाजूंनी खोल्या दिसतात. नळाला पाणी येते. दिवे लागतात. लिफ्ट मजल्यामजल्याला थांबते. शौचकूपात पाणी सोडता येते. तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन आहे. गाड्यांच्या पागेत रोल्स रॉइस उभी आहे. कार्टिए या प्रसिद्ध पेढीने घड्याळ दिले आहे. घराच्या पायाशी एक खण आहे. तो बाहेर ओढला की गर्ट्रूड जीकिल या नामांकित उद्यानकर्तीने आखलेली बाग समोर येते. ग्रंथालयात बोटाच्या पेराएवढी शेकडो पुस्तके आहेत आणि त्यांतली बरीच त्या त्या लेखकांनी खास या घरासाठी लिहून दिली. किपलिंग आणि टॉमस हार्डी त्यांत आहेत. कॉनन डॉईलने शेरलॉक होम्सची एक इवलीशी नवी गोष्ट दिली. एम. आर. जेम्स या भयकथाकाराने तर झपाटलेल्या बाहुलीघराचीच कथा लिहिली. सगळेच काही हुरळून गेले नाहीत. बर्नार्ड शॉने साफ नकार दिला, आणि संगीतकार एल्गारला हा प्रकार कलावंतांचा अपमान वाटला.

राणीला हे घर मनापासून आवडले. मात्र एक पाहा. शिशुदालनात खेळण्यातले छोटे नाट्यगृह आहे, जेवणघरात टेबल मांडले आहे, राजाराणीच्या शय्यागृहांत बिछाने घातलेले आहेत. राहणारी राजाराणी आणि त्यांची मुले मात्र तिथे नाहीत. आपल्या भातुकलीच्या नेमके उलट. इथे माणसे खरी आणि घर लटके. तिथे घर खरे आणि माणसेच नाहीत.

हे घर वायफळ होते असे मी म्हणणार नाही. वेम्ब्लीनंतर ते १९२५ च्या जुलैत विंडसरच्या किल्ल्यात नेऊन मांडले, आणि ते पाहायला येणाऱ्यांच्या पैशांतून धर्मादाय कामांना मदत झाली. आज शंभर वर्षांनंतर १९२० च्या दशकातल्या उच्चभ्रू इंग्रज घरात काय काय होते, स्वयंपाकघर कसे होते, मुरंब्याच्या बरणीवर कोणाचे लेबल होते, हे एका ठिकाणी पाहायचे तर याहून चांगला दस्तऐवज नाही. ते काचेआड राहिले म्हणूनच टिकले. दहा पोरांच्या हाती दिले असते, तर पहिल्या आठवड्यात लिफ्ट अडकली असती आणि वाइन सांडली असती. प्रदर्शनाची वस्तू असण्यात कमीपणा काहीच नाही. घोटाळा होतो तो प्रदर्शनाची वस्तू आणून ती मुलाला दिली असे म्हणण्यात. वेम्ब्लीच्या त्या घराबाबत तरी असे सोंग कोणी केले नव्हते. ते उघडउघड एका प्रौढ बाईला दिलेले होते.

मुलीला द्यायचे घर कसे असावे, याचे उत्तर त्याच कुटुंबात आठ वर्षांनी मिळाले. मेरीची नात एलिझाबेथ सहा वर्षांची होणार होती. १९३२ साली वेल्सच्या लोकांनी तिला एक घर भेट दिले. त्याचे वेल्श नाव ‘अ बूथिन बाख’, म्हणजे छोटी झोपडी. गवताने शाकारलेले, बुटक्या दारांचे, मुलांना सरळ उभे राहता येईल आणि मोठ्यांना वाकावे लागेल एवढे. विजेचे दिवे होते, नळाला पाणी होते, स्वयंपाकघर होते. विंडसरला आणताना वाटेत वरच्या ताडपत्रीला आग लागून छप्पर जळाले, ते पुन्हा शाकारून घर रॉयल लॉजच्या बागेत उभे केले. त्या घरात एलिझाबेथ आणि तिची धाकटी बहीण मार्गारेट स्वतः केर काढीत, भांडी लावीत, खेळत. तेही राजघराण्याला दिलेले नजराण्याचेच घर, त्याचेही फोटो छापून आले. पण मुले त्याच्या आत जाऊ शकत होती. आजीचे घर बाहेरून पाहायचे, नातीचे आत शिरून राहायचे. विंडसरच्या परिसरातच, थोड्या अंतरावर, ही दोन्ही घरे होती.

१९३६ च्या जानेवारीत पंचम जॉर्ज वारला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात थोरल्या मुलाने, एडवर्डने, घटस्फोटित बाईशी लग्न करण्यासाठी राज्य सोडले. हा घाव मेरीला शेवटपर्यंत बुजवता आला नाही. तरी धाकट्याच्या राज्यारोहणाला १९३७ मध्ये ती जाऊन बसली. पतीमागे राहिलेल्या राणीने असे जाण्याचा तोवर रिवाज नव्हता. संग्रहाचा नाद वाढतच होता. ती पाहुणी म्हणून येणार असली, की यजमान आवडत्या चिनी मातीच्या वस्तू लपवून ठेवीत, अशी वदंता होती. तिने कौतुक केले की वस्तू द्यावीच लागे. नातींना मात्र ती स्वतः संग्रहालये दाखवायला नेई. खेळता येत नव्हते. दाखवता येत होते.

आणि मग दुसरे महायुद्ध आले. बहात्तर वर्षांच्या या राणीला लंडनबाहेर ग्लॉस्टरशायरमध्ये, बॅडमिंटन येथे, नात्यातल्या एका सरदाराच्या वाड्यात नेऊन ठेवले. तिथे तिला एक विलक्षण छंद लागला. भिंतींवर आणि झाडांवर चढलेली आयव्हीची वेल तिला मुळीच खपेना. नोकर, शिपाई, जो सापडेल त्याला हाताशी धरून तिने ती वेल उपटण्याची मोहीम काढली. दिवसच्या दिवस रानात जाऊन झाडोरा तोडला, लाकडे रचली. रस्त्याने चाललेला सैनिक दिसला, की गाडी थांबवून त्याला आत घ्यायची आणि वाटभर त्याच्याशी गप्पा मारायची. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक मुलगा, केंटचा ड्यूक, विमान अपघातात गेला. काही दिवसांनी ती पुन्हा रानात कामाला लागली. युद्ध संपून १९४५ मध्ये लंडनला परतायची वेळ आली तेव्हा तिला वाईट वाटले. इथे आपण कोणीही होऊ शकत होतो, तिथे गेल्यावर पुन्हा मेरी राणी व्हायचे, ही तिची खंत होती.

तिच्या चरित्रातला हाच भाग मला सर्वांत जवळचा वाटतो. हात मळलेले आहेत, आपल्याला कोण पाहते आहे याची पर्वा नाही, आणि हाती घेतलेल्या कामातून काही सिद्ध करायचे नाही. यालाच आपण खेळ म्हणतो. तो तिला सत्तरी उलटल्यावर भेटला.

१९५२ च्या फेब्रुवारीत तिचा राजा झालेला मुलगा सहावा जॉर्ज गेला. तिच्या सहापैकी तीन मुलगे आता तिच्या डोळ्यांदेखत गेले होते. आपल्या मृत्यूमुळे नातीचा राज्याभिषेक लांबवू नये, अशी इच्छा तिने सांगून ठेवली होती. २४ मार्च १९५३ रोजी ती वारली. २ जूनला, ठरल्या दिवशीच, एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला.

आता दुकानात उभ्या असलेल्या त्या आजोबांकडे वळू. बाहुलीघर घ्यायचे ते कोणासाठी, हे त्यांनी आधी स्वतःशी ठरवावे. हौस आपली असेल तर तसे खुशाल म्हणावे आणि आपल्या खोलीत मांडावे. मग बारास एक हे प्रमाण सांभाळावे, नाही तर खुर्ची दारापेक्षा मोठी दिसते. पुढे काच असावी, ऊन थेट पडू नये, आणि आपल्या पावसाळ्यात लाकडाला दमट हवेपासून आणि वाळवीपासून जपावे. मुलाला पाहू द्यावे, गोष्टी सांगाव्यात.

घर मुलासाठी असेल तर दृष्टी बदलावी. ते दोन-तीन बाजूंनी उघडे असावे, म्हणजे शेजारची पोरेही हात घालू शकतील. खोल्या ऐसपैस असाव्यात. जिन्याचा कठडा तुटला तर खिळा मारता यावा. तीन वर्षांखालचे मूल घरात असेल तर घशात अडकतील अशा बारीक वस्तू नकोतच. आणि शक्यतो घर रिकामे घ्यावे. यॉर्क कॉटेजमध्ये पाऊल ठेवणाऱ्या नव्या नवरीची आठवण इथे उपयोगी पडेल. काडेपेटीचा पलंग, बाटलीच्या बुचाचे स्टूल, शिंप्याकडच्या चिंधीचा पडदा हे त्या मुलीला स्वतः करू द्यावे. आपल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत प्लास्टिकच्या वेष्टनासकट शोकेसमध्ये ठेवलेली बाहुली अनेकांनी पाहिली असेल. तिच्याकडे टक लावून पाहणारी मुलगीही पाहिली असेल.

बँकेच्या हिशेबात घसारा नावाची एक रक्कम असते. टेबल, खुर्ची, पंखा जे काही वापरात आहे, त्याची किंमत दरसाल थोडी कमी करून लिहायची. नव्या कारकुनाला हे नुकसान वाटते. पुढे त्याला कळते, की वस्तू कामी आली त्याची ती नोंद आहे. विंडसरच्या किल्ल्यातले बाहुलीघर आजही होते तसे झळझळीत आहे. बागेतल्या त्या छोट्या झोपडीला मात्र, मुलांच्या पिढ्या खेळून गेल्यावर, २०१२ च्या सुमारास मोठी दुरुस्ती करावी लागली. छप्पर नव्याने शाकारले, वायरिंग बदलले, पडदे नवे शिवले.